पलीकडच्या खोलीतली साक्ष

शुक्रवारी पप्पा कामशेतला तांदूळ आणायला गेले. लोणावळ्यात तांदूळ मिळत नाही असं नाही. पण इथल्या दुकानांतला इंद्रायणी हा खऱ्या इंद्रायणीचा सावत्र भाऊ आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड. गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून पुढच्या सगळ्या गाडीवर संशय घ्यायची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. कामशेतच्या बाजारात त्यांनी सहा पोती हुंगली, प्रत्येकातला मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन त्यावर तोंडाची वाफ सोडली, आणि सातव्या पोत्याला उत्तीर्ण केलं. दुपारी दहा किलोची पिशवी स्वयंपाकघरात टेकवून ते आईला म्हणाले, “वास घे!”

“बस घेऊ?” आई म्हणाली. “आत्ता उन्हाची बसने कुठे जाऊ?”

आईला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आहे, पण ते माणसांपेक्षा भांड्यांचा आवाज मोठा करतं, म्हणून घरात ती ते लावत नाही. परिणामी आमच्या घरात प्रत्येक गोष्ट तीन घरांना कळेल अशा आवाजात बोलावी लागते. पप्पांचा रक्तदाब, माझं न झालेलं लग्न, फ्रिजमधली उरलेली आमटी, हे सगळे विषय गल्लीने आमच्याबरोबरच हाताळले आहेत. पलीकडच्या ताजुन्निसा मावशी तर कधीकधी खिडकीतून उत्तरही देतात.

“वास! वास घे म्हणतायत!” मावशी खिडकीतून ओरडल्या.

संध्याकाळी चहा घेताना पप्पांनी मला विचारलं, “वार्ते, तुझ्या ब्लॉगचा उपयोग काय गं?”

माझं नाव सुवार्ता. शुभवर्तमान या अर्थाने पप्पांनी ठेवलं आणि हाक मारताना त्यातलं ‘सु’ काढून टाकलं. राहिली नुसती वार्ता. ब्लॉग मी अकरा वर्षं लिहीत होते. वाचलेल्या पुस्तकांबद्दल, आठवड्यातून एकदा. वाचक चौदा. त्यातले दोघे मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला असल्यामुळे संकोचाने वाचत.

“उपयोग असा नसतो, पप्पा,” मी जरा दुखावून म्हटलं.

“नाही, सहज विचारलं. आमच्याकडे गाडी कुठे जाणार ते आधी ठरायचं, मग डबे जोडायचे. तुझे डबे छान आहेत. रंगबिंग चांगला आहे. जाते कुठे गाडी?”

मी कप उचलून आत नेले. तो शेवटचा साधा दिवस होता. असा दिवस ओळखू येत नाही हे सर्वांना ठाऊक असतं, आणि त्या ठाऊक असण्याचा काडीचा फायदा नसतो.

शनिवारी सकाळी सातच्या सुमारास मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. आई मागच्या अंगणात कपडे भिजवत होती. पलीकडच्या खोलीतून पप्पांनी हाक मारली, “वार्ता, जरा ये गं.” आवाजात घाई नव्हती. मी एका विशेषणावर अडले होते. ‘संयत’ लिहावं की ‘संयमित’. मी म्हटलं, “दोन मिनिटं, पप्पा.” त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. वीस मिनिटांनी मी गेले तेव्हा ते पलंगावर भिंतीला टेकून बसले होते आणि गेलेले होते.

मी त्यांचा हात धरला. मग माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण सगळ्यात आधी ताजुन्निसा मावशी धावत आल्या. त्यांनी पाहिलं ते असं: बाप भिंतीला टेकलेला, लेक हात धरून जवळ बसलेली. त्यांनी पाहिलं तेच गल्लीला सांगितलं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आई ओल्या हातांनी आली. बऱ्याच वेळाने तिने मला विचारलं, “मला काहीच ऐकू आलं नाही गं. तू होतीस ना जवळ? एकटे नव्हते ना?”

मी मान हलवली. आमच्या घरात आईशी बोलायचे दोन मार्ग, ओरडणे आणि मान हलवणे. त्या क्षणी ओरडणं शक्य नव्हतं. म्हणजे माझं खोटं मी बोललेही नाही. नुसती हनुवटी दोन बोटं खाली आली. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कुणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं. हे वाक्य लोक दिलासा म्हणून देतात. मी ते कपाटात ठेवून दिलं. माझ्या मापाचं नव्हतं.

दफनविधीच्या उपदेशात आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, “आमचे बंधू लेकीच्या हातात हात देऊन प्रभूत झोपी गेले.” मंडळीने डोळे पुसले. आईने माझा हात दाबला. तेव्हापासून ती गोष्ट माझी राहिली नाही, मंडळीची झाली.

पाळकसाहेब, म्हणजे रेव्हरंड तोरणे, दोन महिन्यांनी घरी आले. मऊ बोलणारा, उंच माणूस. कोणाच्याही घरी गेला की पंख्याला डोकं लागेल या भीतीने किंचित वाकून राहणारा. ते म्हणाले, “सुवार्ताताई, प्रभूने तुम्हाला लेखणी दिली आहे. ब्लॉगवर साक्ष द्या.”

आमच्या मंडळीत उपासनेच्या शेवटी साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल त्याने उभं राहावं आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगावं. पप्पा दरवर्षी एकदा उभे राहत आणि रेल्वेच्या परिभाषेत देवाचे आभार मानत. मी कधी उभी राहिले नव्हते. देवाचा माझा परिचय होता, पण पत्रव्यवहार कमी. पप्पा गेल्यावर मात्र मी रोज सकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडू लागले. श्रद्धेने म्हणवत नाही. सकाळी सात वाजता त्या खोलीत दुसरं काही उघडवत नव्हतं म्हणून. महिनाभरात सवय लागली, आणि सवयीच्या आत काहीतरी आहे असंही वाटू लागलं. पप्पांच्या प्रश्नाला उत्तर सापडेल अशी आशा मला पहिल्यांदा वाटली. गाडीला गाव मिळेल.

मी लॅपटॉप उघडला. दोन महिने तो मिटलेला होता आणि ब्लॉगने मला ओळखायला नकार दिला. पासवर्ड मला आठवेना. मग त्याने कळवलं की नोंदवलेल्या मोबाईलवर सांकेतिक आकडा पाठवला आहे. नोंदवलेला मोबाईल पप्पांचा होता. अकरा वर्षांपूर्वी माझा फोन दुरुस्तीला गेलेला असताना मी त्यांचा नंबर दिला होता. तो नंबर आता रिचार्जअभावी बंद.

मी बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस संगणकातून मान वर न काढता म्हणाला, “ग्राहकाला घेऊन या. अंगठा लागतो.”

“ते येऊ शकत नाहीत.”

“का?”

आमच्यात माणूस मरत नाही. तो प्रभूत झोपी जातो, विसावा घेतो, प्रभूला प्रिय होतो. लहानपणापासून हेच कानावर. दुसरा शब्द माझ्या जिभेवर यायला तयार नव्हता. मी म्हटलं, “ते प्रभूत झोपी गेलेत.”

“मग उठल्यावर आणा,” तो म्हणाला. “साडेआठपर्यंत आहोत आम्ही.”

पुनरुत्थानावर इतका व्यवहारी विश्वास मी कुठल्याही पाळकांत पाहिला नव्हता. मी तशीच उभी राहिले. मागून कुणीतरी त्याच्या कानात काही सांगितलं असावं. त्याने मान वर केली, उभा राहिला, “ताई, सॉरी, ताई, मला वाटलं प्रभू म्हणजे कोणी पाव्हणे,” म्हणाला आणि मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. मग कागदांची यादी दिली. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आणि पत्नीची संमती.

“आई, तुझी संमती हवी आहे!” मी घरी येऊन ओरडले.

“संमती? ती कोण? पाळकांची सून?”

“तिची नव्हे, तुमची!” खिडकीतून मावशी.

सहा आठवडे गेले. सहाव्या आठवड्यात नंबर जिवंत झाला, ब्लॉग उघडला, आणि मी त्याचं नाव बदलून ‘साक्ष’ ठेवलं. पहिला लेख दुःख आणि देवाचा न्याय या विषयावर, चौदाशे शब्दांचा. पाळकसाहेब वाचून म्हणाले, “फार खोल आहे. इतकं खोल की मंडळीतले दोघे तळाला लागले नाहीत. दोनशे शब्द करा, आणि वर एखादं फूल लावा.” ताजुन्निसा मावशींचा मुलगा तन्वीर पर्यटकांची टॅक्सी चालवतो. तो म्हणाला, “दीदी, लिहून कोण वाचतं? व्हिडिओ करा. मागे दरी पाहिजे.” मावशींनी त्याला गप्प केलं आणि मला म्हणाल्या, “आम्ही नमाजाआधी वजू करतो बघ. तू पण आधी हातपाय तोंड धू, मग लिही. देवाचं लिहायचं म्हणजे उष्ट्या हातानं नको.” सगळ्या सल्ल्यांत तोच मला पटला. मी हात धुतले.

आणि स्वच्छ हातांनी मी ते लिहिलं. दोनशे दहा शब्द. सकाळची वेळ, पप्पांचा हात माझ्या हातात, त्यांचा शांत होत गेलेला श्वास. वाक्यं चांगली होती. ‘संयत’ शब्दाला अखेर जागा मिळाली. वर पिवळं फूल.

तो लेख मंडळीच्या ग्रुपवर गेला, तिथून नगरला, तिथून आणखी कुठे कुठे. अनेक देवळांत, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, उपदेशाआधी वाचला गेला. चौदा वाचकांचे नऊ हजार झाले. अनोळखी बायका लिहीत, ‘ताई, तुमची साक्ष वाचून बळ मिळालं.’ आईने तो मोठ्या अक्षरांत छापून घेतला आणि रोज सकाळी बोट फिरवत वाचू लागली. वाचून झालं की म्हणे, “एकटे नव्हते. केवढी कृपा.”

दहा आज्ञांमध्ये नववी खोट्या साक्षीची आहे, हे रविवारच्या शाळेतल्या मुलालाही पाठ असतं. मी ब्लॉगचं नाव साक्ष ठेवलं आणि तिच्या पायात खोटी वीट बसवली. कबूल करायचं म्हणजे आईच्या हातातून तो कागद काढून घ्यायचा, आणि तिला सांगायचं की तुझा नवरा हाक मारत होता, ती तू ऐकू शकत नव्हतीस आणि मी ऐकूनही गेले नाही. ते मला जमत नव्हतं. म्हणून मी आणखी लेख लिहीत गेले. लिहिणं हा गप्प बसण्याचा सगळ्यात प्रतिष्ठित मार्ग आहे. तो लेख आता तिथे नाही. त्या जागी हे लिहिते आहे, फुलाशिवाय.

पुढचा घोळ तन्वीरच्या चांगुलपणामुळे झाला. त्याने टॅक्सीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं: ‘लोणावळ्यात आमच्या शेजारच्या सुवार्तादीदी साक्ष देतात. गरजूंनी संपर्क करावा.’ खाली माझा नंबर.

गरजूंनी संपर्क केला. पहिला फोन नोंदणी विवाह करणाऱ्या जोडप्याचा. तिसरा साक्षीदार ऐन वेळी रुसला होता, मी अकरा वाजेपर्यंत पोचू शकेन का? दुसरा उर्से टोलनाक्यावरून, एका गृहस्थांचा. त्यांच्या गाडीला रांगेत कुणीतरी घासलं होतं, आणि मी ते पाहिलं असेल तर बरं होईल असं त्यांना वाटत होतं. “मी लोणावळ्यात आहे,” मी म्हटलं. “हरकत नाही,” ते म्हणाले, “दुर्बीण होती म्हणू.” प्रत्येकाला मी शांतपणे समजावलं की ही साक्ष वेगळी, आध्यात्मिक. एकाने विचारलं, “म्हणजे कोर्टात चालत नाही का?” मी म्हटलं नाही. “मग उपयोग काय?” तो म्हणाला. हा प्रश्न मी पूर्वी ऐकलेला होता.

जानेवारीत दारात केरबा आले. कुरवंड्याचे, साठीचे; नागफणीकडे चढणाऱ्या पर्यटकांना लिंबूसरबत विकतात. टोपी काढून पायरीवर बसले.

“तुमीच व्हय साक्ष देनाऱ्या ताई?”

मी समजावायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

“म्या समदं ऐकून आलोय. आमच्या सुनंनं, सारिकेनं, तुमी लिवल्यालं वाचून दावलं. तुमच्या पप्पांचा हात धरून तुमी बसला हुता. लय रडलो बगा. म्हनलं, अशी बाई साक्षीला पायजे.”

त्यांची आई मुक्ताबाई सहा वर्षांपूर्वी आषाढात घरीच गेली. दरड येऊन रस्ता बंद, पाऊस तुफान. गावात अंत्यविधी झाला आणि नोंद करायची राहिली. आता जमिनीच्या कागदासाठी दाखला हवा. दाखल्यासाठी, म्हातारी गेली तेव्हा हजर असलेल्याचं प्रतिज्ञापत्र हवं.

“केरबाभाऊ, मी तुमच्या आईला कधी पाहिलं नाही.”

“मंग आता वळख करून देतो की.” आणि तासभर ते बोलले. म्हातारी कशी होती, तपकीर कुठली ओढायची, जावयाला नावाने कशी हाक मारायची. तासाभरात मला मुक्ताबाई माझ्या काही मावश्यांपेक्षा जास्त ठाऊक झाल्या. शेवटी त्यांनी पिशवीतून टाईप केलेला कागद काढला. त्यात माझं नाव आधीच घातलेलं होतं: ‘सुवार्ता दानीएल रणपिसे, वय अंदाजे पन्नास.’

मी त्रेचाळीस वर्षांची आहे. खोट्या साक्षीपेक्षा त्या पन्नासाचा मला जास्त राग आला, हे देवापुढे कबूल केलं पाहिजे. मी म्हटलं, सही करणार नाही. पण तुमच्याबरोबर कचेरीत येईन आणि नीट अर्ज लिहून देईन.

“पाय तर लावा,” केरबा म्हणाले. “म्होरलं म्होरं.”

आम्ही गेलो तो दिवस पप्पांच्या वर्षदिनाचा निघाला. कचेरीने तीच तारीख दिली होती. संध्याकाळी पाच वाजता घरी स्मरणाची प्रार्थनासभा होती आणि पाळकसाहेबांनी सांगून ठेवलं होतं की साक्षीच्या वेळी मी तो लेख वाचायचा. सकाळी घरातून निघून जायला मला कारण हवंच होतं.

तालुक्याच्या कचेरीत नंदाबाई नावाच्या कारकून होत्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला बांधलेला. त्यांनी कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही साक्षीदार? मयताच्या अंतसमयी समक्ष हजर होतात?”

“त्याच त्या, बाईसाहेब,” केरबा म्हणाले. “लय नामी साक्ष देत्यात. नगरपातुर नाव हाय.”

“आबा, त्यांना बोलू द्या. हजर होतात?”

“नाही,” मी म्हटलं.

केरबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू चढावर मी त्यांची सरबताची घागर कलंडवली होती. नंदाबाईंनी चष्मा काढला. “मग कुठे होतात तुम्ही?”

खरं उत्तर सोपं होतं. लोणावळ्यात. पण तो प्रश्न वर्षभरात मला कुणी विचारला नव्हता. सगळ्यांनी मला उत्तरच सांगितलं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, “पलीकडच्या खोलीत. मी दोन मिनिटं म्हणाले होते.”

नंदाबाईंनी ते लिहायला घेतलं.

“अवो, म्हातारीला येकच खोली हुती!” केरबा ओरडले. “पलीकडं गोठा!”

रांगेतले दोघे हसले. नंदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि लिहिलेलं खोडलं. मग केरबांकडे वळल्या. “आबा, खरं सांगा. त्या दिवशी घरात कोण होतं?”

“म्याच व्हतो येकटा.”

“मग तुम्हीच द्या ना साक्ष. मुलाची चालते.”

केरबांनी टोपी काढली, हातात फिरवली. “न्हाई द्येता यायची, बाई.”

“का?”

“आय म्हनली, केरबा, पानी दे. म्या पानी आनाया वळलो. तांब्या भरून मागं बगतो तर गेल्याली. म्या पाठमोरा व्हतो. म्या बगितलंच न्हाई, मंग समक्ष कसं म्हनू?” मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “या बाईनी हात धरला हुता. म्या पाठ फिरवली. ह्यांचं ऐकल्यापासनं तर जास्तच वाटाया लागलं. म्हनलं, आपल्या आयची साक्ष तरी चांगल्या मान्सानं द्यावी.”

टेबलाच्या कडेला कुणीतरी पेनाने ‘राम’ कोरलं होतं. मी ते वाचत राहिले. नऊ हजार लोकांना बळ देणाऱ्या माझ्या दोनशे दहा शब्दांनी ह्या माणसाचं काय केलं होतं ते माझ्यासमोर टोपी फिरवत उभं होतं.

“पाणी आणायला वळलात म्हणजे तिथेच होतात, आबा,” नंदाबाई म्हणाल्या. “तसंच लिहिते. आईने पाणी मागितलं, मी वळलो. सही करा.”

“असं चालतं?”

“घडलं तेच चालतं.”

केरबांनी सही केली. एकेक अक्षर पाट्यावर वाटल्यासारखं. मग बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

परतताना एसटीत आम्ही शेजारी बसलो. ते माझ्यावर रागावले असतील असं मला वाटत होतं आणि रागावले असते तर बरं झालं असतं. लोणावळ्याआधीचं वळवण गाव आल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ताई, तुमच्या पप्पांनी काय मागितलं व्हतं?”

“ठाऊक नाही, केरबाभाऊ. मी विचारलंच नाही.”

“हां,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “कुनाला सांगितलं न्हाई?”

“नाही.”

“म्या पन सा वर्सं न्हवतं सांगितलं. सांगून टाका. लय जड न्हाई. पर सांगंपातुर हाय.”

घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मंडळी बसली होती, पाळकसाहेब पंख्याखाली वाकून. ताजुन्निसा मावशी डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात, तन्वीर दाराशी. गीत चालू झालं होतं. पाळकसाहेबांनी मला खुणेने बसायला सांगितलं आणि लेखाचा कागद दाखवला. मी मान हलवली. मग माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा मान हलवली आहे.

मी थेट स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी उभी राहून बशांत केक मांडत होती. आधी तिला, आणि एकटीला सांगायचं, एवढंच मी एसटीत ठरवलं होतं. मंडळीला नंतर. ब्लॉगला सगळ्यात शेवटी. आमच्या घरात एकटीला काही सांगता येत नाही ही गोष्ट त्या अर्ध्या तासात मी विसरले होते. आणि तिने ते ऐकल्यावर काय होईल, ती मला पुन्हा हात लावू देईल का, रोज सकाळी बोट कशावर फिरवेल, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

“आई,” मी हळूच म्हटलं, “त्या दिवशी मी पप्पांजवळ नव्हते.”

“काय गं? पाळकांना चहा हवा?”

“मी जवळ नव्हते.”

“ऐकू येत नाही, बाई. काय तोंडातल्या तोंडात बोलतेस? मोठ्यानं बोल.”

बाहेर गीताचं कडवं संपलं. पुढचं सुरू व्हायला पेटीवाल्याला पान सापडेना. सगळं घर एकदम गप्प झालं. मी आईच्या हातातली बशी काढून घेतली, तिला माझ्याकडे वळवलं, माझे ओठ तिला दिसतील असा चेहरा उजेडात धरला आणि तीन घरांना कळेल अशा आवाजात म्हटलं,

“आई, पप्पांनी मला हाक मारली होती! मला ऐकू आली! मी दोन मिनिटं म्हणाले आणि लिहीत बसले! मी गेले नाही, आई! पप्पा एकटे होते! एकटेच मेले!”